पन्हाळा ते जिंजी : टप्प्याटप्प्याने पुरी झालेली एक वाट

लांबच्या प्रवासाला आपल्या भाषेत 'मजल-दरमजल' असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. एका दिवसात आटोपेल एवढी चाल म्हणजे मजल. आणि अशा मजलांवर मजला मारीत मुक्कामास पोचणे म्हणजे मजल-दरमजल जाणे. आळंदीहून निघालेली पालखी पंढरीस पोचते ती याच रीतीने. मराठी लष्कराने या शब्दाच्या जोडीला आणखी एक शब्द दिला, तो 'दौड'. शत्रूला सुगावा लागण्याच्या आत, विसावा न घेता जी मजल मारावयाची ती दौड. पण दौड कितीही वेगाची असली तरी घोड्याच्या आणि माणसाच्या दमाला सीमा असते. म्हणून दीर्घ वाट एका दौडीत कधीच पुरी होत नाही. ती अनेक दौडींची मिळून होते, आणि दोन दौडींच्या मध्ये जो मुक्काम असतो त्यावरच पुढच्या दौडीचे यश अवलंबून असते.

अलीकडे डोंगरवाटा धावत पुऱ्या करण्याचा छंद जगभर वाढला आहे. अमेरिकेत ॲपलाचियन पर्वतरांगेतून गेलेली सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची पायवाट १९३७ साली सलग जोडली गेली. ती एकाच हंगामात पुरी करणारे पुरुषार्थी आहेत. तसेच दरवर्षी एखादा तुकडा चालून किंवा धावून, कित्येक वर्षांनी ती पदरी पाडून घेणारेही आहेत. आपल्या सह्याद्रीतही आषाढाच्या पावसात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे शेकडो तरुण पायी निघतात. हा छंद नवा असला तरी त्यामागची कल्पना आपल्याला नवी नाही. मराठ्यांच्या इतिहासात अशीच टप्प्याटप्प्याने पुरी झालेली एक दीर्घ वाट आहे. तिचे एक टोक पन्हाळ्यावर आहे. दुसरे टोक, ज्या ओरगडमच्या परिसरात आज आपली अनेक कुटुंबे पोटापाण्यासाठी स्थिरावली आहेत, तेथून मोटारीने अवघ्या दोन-तीन तासांवर, जिंजीच्या डोंगरावर आहे. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्या वाटेचे स्मरण करावे, हा या लेखाचा हेतू.

पहिला धडा

पन्हाळगडाने मराठ्यांना अशा दौडीचा पहिला धडा १६६० सालीच दिला होता. सिद्दी जौहराच्या वेढ्यातून शिवाजी महाराज त्या वर्षीच्या जुलै महिन्यात, भर पावसातल्या रात्री निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. अंतर साठ-पासष्ट किलोमीटरांचे. वाट चिखलाची, ओढ्यांची आणि दाट रानाची. ही कथा मराठी घरांतील लहान मुलांनाही पाठ असते. तरी तिच्यातील एक गोष्ट पुन्हा सांगण्यासारखी आहे. महाराज विशाळगडी पोचले, कारण ती वाट अनेकांनी वाटून घेतली होती. शिवा काशीद याने महाराजांचे सोंग घेऊन शत्रूला गुंतवले, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व बांदलांचे मावळे पाय रोवून उभे राहिले. विशाळगडाच्या पायथ्याशीही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होताच. तो फोडावा लागला तेव्हा कोठे गडाचे दार गाठता आले. धावणारा पुढे जातो तो मागे कोणी थांबलेला असतो म्हणून, हे सूत्र त्या रात्री सिद्ध झाले.

एकोणतीस वर्षांनी त्याच पन्हाळ्यावरून त्यांच्या धाकट्या पुत्राला निघावे लागले. या वेळी विशाळगड पुरेसा नव्हता. या दौडीचा शेवट दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेच्या मुलखात व्हावयाचा होता.

निघण्याची वेळ

१६८९ चा आरंभ मराठी राज्याच्या दृष्टीने काळरात्रीसारखा होता. फेब्रुवारीत संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्च रोजी औरंगजेबाने त्यांचा वध करविला. रायगडावर राजाराम महाराजांचे मंचकारोहण झाले होते. त्यांचे वय त्या वेळी अवघे एकोणीस वर्षांचे. मोगलांचा वेढा रायगडाभोवती आवळू लागला. सर्वांनी एकाच गडावर राहणे म्हणजे राज्य एकाच फासात देणे होय, हे ओळखून येसूबाईंनी दिरास बाहेर पडण्याचा सल्ला दिला, असे बखरी सांगतात. ५ एप्रिलला राजाराम महाराज रायगड सोडून प्रतापगडाकडे गेले आणि तेथून पुढे पन्हाळ्यास आले. येसूबाई स्वतः मात्र सात वर्षांच्या शाहूसह गडावरच राहिल्या. पुढे रायगड पडला. माय-लेक मोगलांच्या कैदेत गेले, आणि शाहूंची सुटका व्हावयास १७०७ साल उजाडावे लागले. या प्रवासाची सर्वांत मोठी किंमत जिने मोजली, ती व्यक्ती प्रवासाला निघालीच नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पन्हाळ्यावरही मोगलांची दृष्टी वळताच महाराष्ट्रातील कोणताच गड छत्रपतींना निर्भय राहिला नाही. तेव्हा दृष्टी गेली ती दक्षिणेकडे. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या कर्नाटक-स्वारीत जिंजी घेतली होती आणि तिची तटबंदी नव्याने बळकट करविली होती. रायगडापासून इतक्या दूर एवढा खर्च कशासाठी, असा प्रश्न त्या वेळी कोणाच्या मनात आला असेल तर त्याचे उत्तर बारा वर्षांनी मिळाले. दूरच्या मुलखात बांधून ठेवलेले एक घर, मूळ घराला आग लागल्यावर कामास आले.

नद्या, घाट आणि वेषांतर

२६ सप्टेंबर १६८९ रोजी राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघाले. लिंगायत यात्रेकरूंचा वेष घेतलेली निवडक माणसे बरोबर होती. प्रल्हाद निराजी आणि खंडो बल्लाळ चिटणीस यांसारखे मुत्सद्दी त्यांत होते, तसेच घोरपड्यांसारखे लढवय्ये घराणेही होते. या प्रवासाचे वर्णन केशव पंडिताने 'राजारामचरितम्' या संस्कृत काव्यात केले आहे. हा कवी त्या घटनांचा समकालीन होता. पुढे वा. सी. बेंद्रे यांनी ते काव्य संपादून प्रकाशात आणले, म्हणून या वाटेचे अनेक तपशील आज आपल्याला उपलब्ध आहेत.

पन्हाळा, बिदनूर, बेंगळूर, वेलोर आणि जिंजी ही ठिकाणे नकाशावर जोडली तर आजच्या रस्त्यांनी हजार किलोमीटरांहून मोठा पल्ला भरतो. वाटेत प्रथम कृष्णेच्या उपनद्यांचे खोरे लागते, मग वरदा आणि तुंगभद्रा. पावसाळा नुकताच सरत आलेला असल्यामुळे पाण्याला ओढ होती. पुढे मलनाडचे दाट अरण्य, त्यानंतर म्हैसूरचे पठार, आणि अखेर ते पठार उतरून तमिळ मुलूख. राजमार्गावर मोगलांची ठाणी असल्याने वाट वाकडी करणे भाग होते. औरंगजेबाने सर्व ठाण्यांना सावधगिरीचे हुकूम सोडले होते आणि पाठलागावर स्वार धाडले होते. वरदेच्या काठी शत्रूने गाठले, तेथून सोबत्यांनी राजाला पार नेले. तुंगभद्रेच्या पात्रातील बेटावर रात्रीच्या मुक्कामी सय्यद अब्दुल्लाखानाने छापा घातला, त्यात बरोबरचे कित्येक लोक पकडले गेले. प्रत्येक टप्प्यावर मंडळी कमी होत होती आणि वाट मात्र पुढे सरकत होती.

बिदनूरचे दार

या संकटात एक दार उघडले, ते बिदनूरचे. केळदीच्या गादीवर त्या वेळी राणी चेन्नम्मा होती. मोगल साम्राज्य तिच्या सीमेला येऊन भिडले होते. विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये बुडालेले तिने पाहिले होते. परागंदा राजाला आश्रय देण्याचा अर्थ काय होतो, हे तिला कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती. तरीही तिने राजाराम महाराजांना आपल्या मुलखातून सुखरूप वाट दिली. औरंगजेबाचा कोप अपेक्षेप्रमाणे झाला आणि तिच्यावर फौज चालून आली. संताजी घोरपडे तिच्या साहाय्यास धावले, आणि अखेर थोडक्या दंडावर ते प्रकरण मिटले. कानडी मुलखात चेन्नम्मेचे हे धैर्य आजही अभिमानाने सांगितले जाते. मराठी माणसाने तर ते कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. जिच्याशी आपले भाषेचे वा रक्ताचे नाते नव्हते, अशा एका राणीने आपले राज्य पणास लावले, म्हणून ही वाट मध्येच तुटली नाही.

बेंगळूर ते वेलोर

बेंगळूरच्या मुक्कामाची कथा बखरींनी रंगवून सांगितली आहे. यात्रेकरूंच्या मेळ्यात एका तरुणाचे पाय दुसरे आदराने धुतात, हे पाहून कोणास तरी संशय आला आणि ठाण्यावर वर्दी गेली. प्रसंग ओळखून मंडळी पांगली. राजा वेगळ्या वाटेने पुढे गेला, आणि खंडो बल्लाळ व आणखी काही जण यात्रेकरू म्हणून तेथेच राहिले. त्यांना धरून नेण्यात आले, फटके मारण्यात आले, राखेचे तोबरे तोंडास बांधण्यात आले. 'आम्ही रामेश्वराचे यात्रेकरू' यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि अखेर त्यांना सोडून द्यावे लागले.

कथेतील बारीकसारीक तपशील बखरकारांच्या पदरचे असू शकतील. परंतु खंडो बल्लाळांची निष्ठा हा कल्पनेचा भाग नाही. त्यांचे वडील बाळाजी आवजी यांना १६८१ साली संभाजी महाराजांच्याच आज्ञेने देहदंड झाला होता. ज्या घराण्याकडून आपल्या घरावर असा घाव बसला, त्या घराण्याच्या वारसासाठी या पुरुषाने अंगावर हाल सोसले. त्यांनी पाहिले ते राज्याकडे. स्वतःचे दुःख त्यांनी वाटेत आडवे येऊ दिले नाही.

पठार उतरल्यावर आंबूर येथे बाजी काकडे हा मराठी सरदार फौजेनिशी होता. तेथे प्रथमच यात्रेकरूंचे कपडे उतरले आणि छत्रपती छत्रपती म्हणून पुढे निघाले. २८ ऑक्टोबर रोजी ते वेलोरास पोचले. पन्हाळा सोडल्यापासून बत्तीस दिवस झाले होते.

जिंजीचा दरवाजा

आता केवळ शेवटची मजल राहिली होती. वेलोर ते जिंजी हे अंतर आधीच्या मानाने किरकोळ. परंतु परके दार उघडल्यावर घरचे दार अडावे, असा प्रसंग येथे आला. जिंजीचा कारभार शिवाजी महाराजांचे जावई हरजीराजे महाडीक यांच्याकडे होता आणि ते नुकतेच निवर्तले होते. गड त्यांच्या पत्नी अंबिकाबाई यांच्या हाती होता. म्हणजे राजाराम महाराजांच्या सावत्र बहिणीच्या हाती. पतीने वर्षानुवर्षे सांभाळलेला गड नव्या राजाच्या स्वाधीन करण्यास त्या आरंभी राजी नव्हत्या. त्यांना सर्वस्वी दोष देणेही न्यायाचे होणार नाही. दूर देशी ज्यांनी आपल्या हिमतीवर घर उभे केले, त्यांना स्वदेशाहून आलेल्या माणसाचा अधिकार चटकन मानवत नाही. परमुलखात राहणाऱ्या कोणत्याही समाजाला हा अनुभव अपरिचित नसावा. गडावरील लोकांचा कल राजाकडे आहे हे दिसल्यावर त्यांनी दरवाजा उघडला आणि नोव्हेंबर १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीत प्रवेश करते झाले. त्याच सुमारास तिकडे रायगड पडला. मराठ्यांची राजधानी आता तमिळ देशात होती.

आठ वर्षांचा मुक्काम

जिंजी म्हणजे राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन डोंगरांना तटाने गुंफून केलेला प्रचंड दुर्ग. १६९० मध्ये जुल्फिकारखानाने त्याला वेढा घातला आणि तो या ना त्या स्वरूपात १६९८ च्या आरंभापर्यंत चालला. बादशहाचा पुत्र कामबक्ष आणि वजीर असदखान हेही तेथे येऊन बसले. म्हणजे एका तरुण राजाच्या एका दौडीने मोगल सत्तेचे मोठे बळ दक्षिणेच्या टोकाला खेचून नेले आणि आठ वर्षे अडकवून ठेवले. तेवढ्या अवधीत महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण यांनी गड परत मिळविले, लोक गोळा केले आणि विस्कटलेली घडी बसविली. विशाळगड आणि जिंजी यांच्यामध्ये जासूद-हरकाऱ्यांचे येणेजाणे चालू राहिले. राजा ज्या वाटेने एकदा गेला, ती वाट या अनाम धावणाऱ्यांनी वर्षानुवर्षे जिवंत ठेवली.

या काळातील काही रणभूमी आपल्या ओरगडमपासून फार दूर नाहीत. डिसेंबर १६९२ मध्ये कांचीपुरमचा मोगल फौजदार अलीमर्दानखान याला संताजी घोरपड्यांनी कावेरीपाकजवळ गाठून कैद केले. तिकडे धनाजी जाधवांनी वेढा घालणाऱ्यांनाच कोंडीत धरले, आणि जानेवारी १६९३ मध्ये मोगली फौजेला वांदिवाशपर्यंत माघार घ्यावी लागली. आज आपण सुट्टीच्या दिवशी कांचीची देवळे पाहावयास ज्या रस्त्यांनी जातो, त्या टापूत एके काळी मराठी घोड्यांच्या टापा उमटल्या होत्या. मद्रासच्या इंग्रजांनाही या राजाशी व्यवहार करावा लागला. कुडलूरजवळील तेगनापट्टमचा किल्ला त्यांनी १६९० साली राजाराम महाराजांकडूनच विकत घेतला. तोफेचा गोळा जेथवर पडेल तेथवरची गावे त्यात धरली गेली. हाच पुढे सेंट डेव्हिड किल्ला म्हणून प्रसिद्धीस आला.

जिंजीच्या मुक्कामातील एक कागद तर मुद्दाम सांगावा असा आहे. ४ जून १६९१ रोजी राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपडे यांस लिहून दिलेल्या करारात रायगड, विजापूर, भागानगर आणि औरंगाबाद यांबरोबर दिल्ली घेण्याचीही भाषा आहे. राजधानी गमावलेला, शत्रूच्या फौजांनी घेरलेला, विशीतला राजा घरापासून शेकडो किलोमीटरांवर बसून दिल्लीचा विचार करीत होता. परमुलखात राहणाऱ्याची दृष्टी आखूडच होते असे नाही, याचा याहून सबळ पुरावा शोधावा लागणार नाही.

परतीची वाट

वाट पुरी झाली असे केव्हा म्हणावे? ठरलेल्या ठिकाणी पोचल्यावर, की परत आल्यावर? १६९७ च्या अखेरीस राजाराम महाराज जिंजीतून निसटले. या वेळी मोगलांच्या चाकरीत असलेल्या गणोजी शिर्क्यांनी साहाय्य केले, आणि त्यासाठी खंडो बल्लाळांनी आपले कोकणातील वतन शिर्क्यांना देऊन टाकले, अशी परंपरा सांगते. येताना अंगावर मार खाल्लेल्या या पुरुषाने जाताना पदरचे वतनही दिले. फेब्रुवारी १६९८ मध्ये महाराज विशाळगडावर आले. तोपर्यंत जिंजी मोगलांच्या हाती गेली होती. महाराजांना पुढे दोनच वर्षांचे आयुष्य लाभले. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. परंतु ज्या राज्याचा शेवट झाला असे औरंगजेबाने १६८९ मध्ये मानले होते, ते राज्य ताराबाईंच्या नेतृत्वाखाली लढत राहिले, आणि १७०७ मध्ये बादशहाच दक्षिणेच्या मातीत मिळाला.

आपली मजल

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा दुर्गांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी. पन्हाळा आणि जिंजी ही आपल्या वाटेची दोन्ही टोके त्या यादीत एकत्र आली. टोकांचा मान झाला. मधल्या वाटेची ओळख मात्र अजून आपणच करून घ्यावयाची आहे.

मंडळातील तरुणांनी मनावर घेतले तर हे काम अवघड नाही. सबंध वाट एका दमात करण्याचा अट्टाहास नको. एका हिवाळ्यात राजगिरीचा डोंगर चढून उतरावा; पुढच्या वर्षी जिंजी ते वेलोर हा पल्ला दोन-चार दिवसांत, ज्याला जमेल त्याने धावत, इतरांनी चालत करावा; मग वेलोर ते आंबूर, आंबूर ते बेंगळूर, आणि पुढे राणी चेन्नम्मेच्या बिदनूरकडे. सुट्टीसुट्टीने, टप्प्याटप्प्याने, कदाचित दहा वर्षांनी, येथे जन्मलेली आपली मुले पन्हाळ्याच्या दरवाज्याशी पोचतील. आगगाडीच्या खिडकीतून एका रात्रीत मागे पडणारे गाव आणि पायाखालून गेलेले गाव यांत फरक असतो. जी मुले तमिळ सहज बोलतात आणि मराठी घरापुरती बोलतात, त्यांना महाराष्ट्र हा आजी-आजोबांचा दूरचा देश न वाटता, आपण ज्या वाटेवर उभे आहोत तिचेच दुसरे टोक वाटेल.

राजाराम महाराजांची दौड यशस्वी झाली ती वाटेवरच्या माणसांमुळे : रायगडी मागे राहिलेल्या येसूबाई, दार उघडणारी चेन्नम्मा, बेंगळुरास थांबलेले खंडो बल्लाळ, आंबुरास फौज घेऊन उभा असलेला बाजी काकडे. नव्याने बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या आठवड्यात घर शोधून देणारा शेजारी, गणेशोत्सवात त्याला हाताला धरून आत नेणारी वहिनी, मुलांना रविवारी मराठी अक्षरे गिरवावयास लावणारे एखादे निवृत्त गुरुजी हे त्याच परंपरेतले आहेत. पन्नास वर्षे आपले मंडळ हेच करीत आले : दूर आलेल्या माणसाला एक मुक्काम द्यावयाचा, आणि दम घेऊन झाला की त्याच्या पुढच्या मजलीला निरोप द्यावयाचा. यापुढील पन्नास वर्षांतही हा मुक्काम असाच उघडा राहो, ही सदिच्छा.